आतला उपसा

मशीन शेवटी सुरू झालं. पहिल्याच बटणाला, एकदाही न खोकता.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. आमच्या घरात आम्ही तिघं तसंच धरून चालतो. जेवताना बाबा विचारतात, "मशीनचं काय?" मी म्हणतो, "काम चालू आहे." ताई म्हणते, "होईल." मशीन सुरू झालेलं नाही. होईल.

तर सुरुवातीपासून.

तलावाच्या काठावर आमचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, सिमेंटची फरशी आणि फरशीवर तेलाचे इतके थर, की चालताना चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. शेडमधून उतरलं की धक्का. धक्क्याला बांधलेल्या भाड्याच्या वॉटर स्कूटर आणि एक म्हातारी लाकडी होडी. वॉटर स्कूटर म्हणजे पाण्यावरची मोटरसायकल. चांगल्या घरची माणसं तिच्यावर बसून किंचाळतात आणि उतरल्यावर कंबर धरून घरी जातात. आम्ही तिला नुसतं 'मशीन' म्हणतो, आणि प्रत्येक मशीनला नंबर.

दुरुस्ती बाबांची आणि माझी, भाड्याचा कारभार दाजींचा. दाजी म्हणजे ताईचा नवरा. लग्न झाल्यावर ताई जायची ती गेलीच नाही, तेच इकडे राहायला आले. कुणी घरजावई म्हटलं तर चिडायचे नाहीत. "पदवी आहे ती, मिळवावी लागते," म्हणायचे. तोंडात सदा पेपरमिंटची गोळी, आणि पोट असं की लाइफ जॅकेटची बकलं लावताना त्यांना श्वास आत घ्यावा लागे.

होडी गळायची. रोज सकाळी तिच्यात घोट्याएवढं पाणी साचलेलं असे आणि ते उपसायचं काम दाजींकडे आलं होतं, कारण बाबांचा गुडघा दुखायचा आणि सकाळ नावाची काही वेळ असते हे मला मान्य नव्हतं. कान तुटलेला प्लास्टिकचा मग घेऊन दाजी होडीत उभे राहत. दोन मग भराभर बाहेर, मग कमरेवर हात आणि एक दम. पुन्हा दोन मग, पुन्हा दम. माझ्या खोलीची खिडकी धक्क्यावर उघडते. उशीखाली डोकं घातलं तरी ऐकू यायचं. छप, छप. शांतता. छप, छप. शांतता. या आवाजाला मी झोपेत शिव्या दिल्या आहेत.

त्या दुपारी दाजी चार नंबर घेऊन बाहेर पडले. सर्व्हिसिंगनंतरची चक्कर, नेहमीचीच. वारा नव्हता. तलाव ताटात ओतल्यासारखा सपाट. तलावाच्या मध्यावर पाणी उचलायचा दगडी मनोरा आहे. त्याच्यामागे ते वळले आणि इंजिनाचा आवाज बंद झाला. हळूहळू कमी होत नाही, बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

"पेट्रोल संपलं असेल," ताई धक्क्यावरून म्हणाली. ती तिकिटं फाडत होती. "पाठव कुणाला तरी डबा घेऊन. सासऱ्याच्या पेट्रोलवर किती दिवस फिरणार हा."

त्यानंतर ताईने विनोद केलेला मला आठवत नाही.

शोधपथकाच्या पाणबुड्यांना मशीन मनोऱ्यामागेच मिळालं. तळावर सरळ उभं होतं, नीट पार्क केल्यासारखं. मशीनच्या बुडाला पाणी काढायची बुचं असतात, ती घट्ट होती. बॉडीला तडा नव्हता. बुडायला त्याला काही कारण नव्हतं, पण कारण नाही म्हणून ते वरही आलं नव्हतं. सीटवर दाजींचं जॅकेट होतं. सगळी बकलं लावलेली, पट्टे आवळलेले, पोटापाशी गोल फुगलेलं. फक्त आत कुणी नव्हतं. जॅकेटचं काम तरंगणं. हे सीटवर बसून होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बुडालेलं इंजिन पाण्यात खराब होत नाही. पाण्यात ते दिवसचे दिवस गप्प पडून राहतं. खराब होतं ते वर काढल्यावर, हवा लागली की. दुपारी चकचकीत दिसणारा लोखंडी भाग सकाळी तांबडा. म्हणून बाबांचा नियम, हात मोकळे झाल्याशिवाय इंजिन वर काढायचं नाही. पथकाने चार नंबर ओढत काठाला आणलं तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे पाण्यातच. जावईबापू सापडू देत, मग बघू." धक्क्यावर जमलेल्या लोकांत कुजबुज झाली, की जावई बुडाला आणि म्हाताऱ्याला मशीनची पडलीय. खरं उलटं होतं. मशीनला हात लावायचा म्हणजे शोध संपला असं कबूल करायचं, आणि बाबांना ते जमत नव्हतं.

शोध शेवटी पथकानेच संपवला. साहेब स्वतः सांगायला आले.

"तलाव विंचरून काढला," ते म्हणाले. "तलावात ते नाहीत."

"मग कुठे आहेत?" ताईने विचारलं.

"तलावात नाहीत एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो. बाकीचं जग आमच्या हद्दीत येत नाही."

"मेलेत का?"

"बाई, मेलेत असं म्हणायला माणूस समोर लागतो."

"आणि जिवंत आहे असं म्हणायला?"

साहेबांनी थोडा विचार केला. "त्यालाही," ते म्हणाले.

म्हणजे ताईच्या पदरात काहीच पडलं नाही. रडायचं तर कशावर, आणि थांबायचं तर कुठवर? ती पुन्हा धक्क्यावर जाऊन तिकिटं फाडायला लागली. गिऱ्हाइकाने मोकळी जागा बघून विचारलं तर सांगायची, "चार नंबर बाहेर गेलंय. येईल." असे बरेच दिवस गेले. मग एकदा ती गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, मशीन वर काढा. तो आला की आधी मशीनचं विचारेल. माझं नंतर."

बाबांनी हात पुसले. "काढू," म्हणाले.

ट्रॉलीवर चढवलं, बुचं काढली, बॉडीतलं पाणी वाहून गेलं. सीट उचलली. इंजिनाला तीन सिलिंडर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक स्पार्क प्लग. प्लग काढले की तीन भोकं उरतात, करंगळी जेमतेम जाईल एवढी. वर फडकं धरायचं आणि स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवायचं, की आतलं पाणी कारंज्यासारखं उडतं. मग तेल काढायचं. पाणी शिरलेलं तेल पांढुरकं होतं, साबणाच्या फेसासारखं. नवं घालायचं, फिरवायचं, पुन्हा काढायचं, तेलाला तेलाचा रंग येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे. पण कंटाळवाण्या कामाचं एक बरं असतं, घरातल्या माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

पहिल्या दिवशी कारंजं उडालं आणि माझं तोंड भिजलं. "भोकावर फडकं धरायचं असतं, थोबाड नाही," बाबा म्हणाले. सगळं नेहमीसारखं.

दुसऱ्या सकाळी ट्रॉलीखाली पाणी होतं. बॉडीत कुठे राहिलं असेल म्हणून मी पुसलं. दुपारी पुन्हा. मग बादली ठेवली. जेवून आलो तर बादली भरलेली. ओतली, पुन्हा ठेवली, पुन्हा भरली. इंजिनात पाणी मावून मावून किती मावणार?

"कुठल्या तरी पाइपातून येतंय," मी म्हणालो.

बाबांनी मशीनभोवती एक चक्कर मारली. त्याला एकही पाइप जोडलेला नव्हता. "हं," ते म्हणाले. बाबांच्या 'हं'चे सोळा प्रकार आहेत. हा सतरावा होता.

म्हणून मी समोर स्टूल टाकून बसलो. बॅटरी सोडवून टेबलावर ठेवलेली होती. पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. बाहेर कुणाचं तरी मशीन किंचाळत गेलं. आणि मधल्या भोकातून पाणी आलं.

कारंजं नाही. फेकलेलं पाणी. मगभर, तिरकं, डाव्या बाजूला. लगेच दुसरं. मग काही नाही. मग पुन्हा दोन.

करंगळीएवढ्या भोकातून मगभर पाणी एकदम कसं येतं, हे मला विचारू नका. मी हातभर अंतरावर बसून बघितलं आणि मलाही कळलं नाही. मी उठलो, कोपऱ्यात गेलो आणि टूलबॉक्समधले सगळे पाने लहान-मोठे असे ओळीने लावले. हे काम मी जन्मात केलेलं नव्हतं.

ताई चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"कोण उपसतंय?" तिने विचारलं.

"कुठे?"

"होडी."

होडी त्या दिवसापासून काठावर पालथी घातलेली होती. दारातून दिसत होती. ताईनेही बघितली. छप, छप. शांतता. तिने कप खाली ठेवला, मशीनपाशी आली, वाकली आणि मधल्या भोकापाशी नाक नेलं. शेवाळाचा वास तर शेडभर होताच.

"पेपरमिंट," ती म्हणाली.

मी बाबांना हाक मारली. बाबा आले आणि मशीनपाशी उभे राहिले. ताईने भोकापाशी तोंड नेलं. फोन खराब असला की आपण बोलतो तशी बोलली, सावकाश.

"ऐक ना."

पाणी थांबलं. काम करणाऱ्या माणसाला मागून हाक मारली की तो जसा हातातलं तसंच धरून ताठ होतो, तसं थांबलं.

"आम्ही इथे आहोत," ताई म्हणाली. "वर. तुझ्या वर."

काही नाही. मग छप, छप, छप, छप, छप, मध्ये एकदाही दम न घेता, इतका वेळ की आम्हालाच धाप लागली.

इंजिनात डोकवायचा एक बारीक कॅमेरा बाबांकडे आहे, वायरच्या टोकाला दिवा आणि भिंग. तो मी मधल्या भोकातून आत सोडला. सिलिंडरच्या आत काय दिसतं हे मला पाठ आहे. चकचकीत गोल भिंत आणि खाली पिस्टनचं काळं टाळकं, संपलं. स्क्रीनवर पाणी दिसलं. पाण्यावर लाटा होत्या. लाटांच्या पलीकडे, भिंत असायला हवी तिथे, धुकं होतं आणि ते लांबवर गेलेलं होतं. मी वायर जराशी वळवली. खालच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मोठं, कमरेत वाकलेलं. मग स्क्रीन पांढरा झाला. पाणी कॅमेऱ्यावर आलं होतं. मुद्दाम मारलं असं मला वाटत नाही. कॅमेरा वाटेत होता.

"हेड काढू या," मी म्हणालो. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण. बोल्ट सोडवले की निघतं.

"आणि?" बाबा म्हणाले.

"आत बघू."

"आत तीन पिस्टन निघाले तर?"

मी पाना उचलला होता, तो खाली ठेवला.

"बंद आहे तोवर तो आत आहे," ताई म्हणाली. "उघडलं की नुसतं इंजिन आहे. कुणी हात लावायचा नाही."

मी दोन वर्षं शिकलो त्या पुस्तकांत हा मुद्दा नाही.

शोधपथकाचं कार्यालय बाजाराच्या मागे आहे. मी गेलो तेव्हा साहेब पंख्याखाली पेपर वाचत होते.

"सापडले," मी म्हणालो.

साहेबांचा चेहरा उजळला. "वा. कुठे?"

"चार नंबरच्या इंजिनात. मधल्या सिलिंडरमध्ये."

साहेबांनी पेपरची घडी घातली. "म्हणजे तलावात नव्हते."

"नाही."

"आम्ही तेच म्हणत होतो," ते म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

"त्यांना बाहेर काढायला माणसं पाठवा ना."

"पाणी किती खोल आहे?"

"बाहेरून मोजलं तर एक वीतही नाही."

"मग त्यांना सांगा, उभे राहा."

ते चेष्टा करत नव्हते. बुडणाऱ्याला उथळ पाण्यात आधी हेच सांगायचं, असं त्यांना शिकवलेलं होतं. मी आभार मानून बाहेर पडलो. रस्त्यावर लोक भाज्या घेत होते, एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. मदतीला कुणी येणार नाही, हे मला तिथे कळलं. मला वाटायचं की असं काही कळलं की माणूस मट्कन खाली बसत असेल. मी दोन किलो बटाटे घेतले आणि घरी गेलो.

मग आम्ही बाहेरून हातभार लावायला लागलो. आम्ही जेवढं ओढू तेवढं आतल्या माणसाला कमी उपसावं लागेल, एवढा साधा हिशेब. बाबांनी एक बारीक नळी आणि पिचकारी जोडून दिली. ताईने जुन्या चादरी फाडून फडक्याच्या लांब वाती केल्या. त्या भोकातून आत सोडायच्या, भिजल्या की बाहेर पिळायच्या. धक्क्यावर 'आज बंद' अशी पाटी लावली ती तशीच राहिली. आम्ही पाळीपाळीने बसायचो. पिळताना ताई आत बोलत राहायची. नळ गळतोय, बाबांचा गुडघा, धाकटा हल्ली लवकर उठतो, खरंच, शप्पथ. मधूनच आतला उपसा थांबायचा. ऐकत असावेत.

आणि पाणी कमी व्हायला लागलं. आधी मला वाटलं मनाचे खेळ. पण बादली भरायला वेळ लागू लागला, मग अर्धीच भरू लागली. तेल काढलं तर जरासं पांढुरकं, मग पुढच्या वेळी नुसतं गढूळ, मग स्वच्छ, मधासारखं. ताईने दाजींचे कोरडे कपडे आणून ट्रॉलीच्या कडेला ठेवले, वर टॉवेल.

एका दुपारी मी वात बाहेर काढली ती कोरडी होती.

आम्ही थांबलो. मधल्या भोकातून काही आलं नाही. बाजूच्या दोन्हींतूनही नाही. बाबांनी बोट फिरवलं, कोरडं. तेल बघितलं, स्वच्छ.

"झालं त्याचं," ताई म्हणाली. किती दिवसांनी ती हसली. "संपवलं त्याने. आता जरा टेकेल, आणि येईल."

आता पुढचं फक्त आमच्याच घरात होऊ शकलं असतं. डॉक्टरच्या घरात नाही, मास्तरच्या घरात नाही. कोरडं इंजिन आणि स्वच्छ तेल समोर आलं की आमचे हात कुणाला विचारत नाहीत. मी तिन्ही भोकांत तेलाचा फवारा मारला. बाबांनी प्लग बसवून आवळले. मी बॅटरी जोडली. ताईने नळाची नळी मशीनला लावली. जमिनीवर चालवताना मशीनमधून नळाचं पाणी फिरवावं लागतं, नाहीतर ते तापतं. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. शाळेत पाढे शिकायच्या आधी तिला हे येत होतं. आम्ही आनंदात होतो. तिघं मिळून एक काम करत होतो आणि ते काम झालं होतं.

बाबांनी बटण दाबलं.

पहिल्याच बटणाला.

आवाज सुंदर होता. मी अंगठा वर केला. ताईने नळ सोडला. बाबा मान तिरकी करून ऐकत होते, ते प्रत्येक इंजिन ऐकतात तसे.

मग ताई म्हणाली, "बाबा, तो आत आहे."

ओरडली नाही. मीठ संपलंय म्हणून सांगावं तशी म्हणाली.

बंद करायचं बटण लाल असतं, तिथेच, शेजारी. बाबांचा सगळा जन्म त्या बटणांपाशी गेला आहे. त्यांना ते सापडेना. त्यांची बोटं हँडलवर नुसती फिरत राहिली.

मी बंद केलं.

नळ चालूच होता.

आधी पाणी, मग इंजिन. उलटं झालं तर नळाचं पाणी इंजिनात भरतं. उलटं झालं.

बाबांनी गरम प्लग हातानेच काढले. बाजूच्या भोकांतून धूर आला. मधल्यातून आला नाही. ते काठोकाठ भरलेलं होतं.

पाणी हलत नव्हतं. त्यात पत्र्याच्या फटीतलं ऊन दिसत होतं.

"ऐक ना," ताई म्हणाली.

बाबा फरशीवर बसले. तेलात, तसेच.

"ऐक ना."

पाणी जरासं थरथरलं.

मग एक मग आला. छप.

आम्ही दुसऱ्याची वाट बघितली.

दुसरा आला नाही. खूप वेळाने पुन्हा एक. मी खाली हात धरला. पाणी गरम होतं.

मशीन अजून शेडमध्येच आहे. स्टार्टरचं बटण बाबांनी उपटून काढलं. तिथे आता एक भोक आहे, पण त्यातून काही येत नाही. ताई वाती पिळते, बोलत राहते. नळ तर त्याच दिवशी बंद केला, पण आम्ही कितीही ओढलं तरी आता पाणी कमी होत नाही. पूर्वी दोन मगांनंतर एक दम असायचा. आता नुसता दमच असतो, त्यात कधीतरी एखादा मग.

मी साहेबांना अर्ज केला आहे. वाचताना त्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांच्याच भाषेत केला आहे.

विषय: बदली माणूस मिळणेबाबत.

महोदय, सदर इसम हे चार नंबर, मधला सिलिंडर या ठिकाणी अखंड उपसा करीत असून त्यांना आजतागायत एकदाही विश्रांती मिळालेली नाही. मध्यंतरी कुटुंबीयांच्या हातून झालेल्या चुकीमुळे त्यांचा एक हात निकामी झाला असावा, असे उपशावरून दिसते. अर्जदार, अर्जदाराची बहीण व वडील यांनी स्वतः आत जाण्याचा प्रयत्न करून पाहिला. कुणीही मावत नाही. तरी सदर इसमास थोडा वेळ खाली बसता यावे, एवढ्यापुरता एक बदली माणूस आत पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती. पोहता येत नसले तरी चालेल. माणूस बारीक असावा.